बर्फाला तुमचा रेझ्युमे माहीत नसतो

वसईच्या माणसाने हिमस्खलनावर लेख लिहावा हे जरा अतीच आहे. आमच्याकडे बर्फ म्हणजे अर्नाळ्याच्या नाहीतर पाचूबंदरच्या धक्क्यावर मासळीवर फोडून टाकतात तो, फार तर नाक्यावरच्या गोळेवाल्याकडचा. पण गेले चार-पाच शनिवार-रविवार मी याच विषयाच्या मागे लागलोय, आणि जितकं वाचतोय तितकं वाटतंय की हा विषय बर्फाचा कमी आणि माणसांचा जास्त आहे. त्यातही 'मला यातलं कळतं' असं वाटणाऱ्या माणसांचा. आणि अशी माणसं आपल्या आयटीत काय कमी आहेत? :)

सुरुवात 'स्नो फॉल'पासून करतो. डिसेंबर २०१२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जॉन ब्रँचचा हा लेख जालावर टाकला. वेबवाल्या मंडळींना तो आठवत असेल. स्क्रोल करता करता नकाशे हलायचे, व्हिडिओ आपोआप सुरू व्हायचे, मग पुढची दोन वर्षं प्रत्येक क्लायंटला आपली साइट 'स्नो फॉलसारखी' हवी होती. आमच्या धंद्यात तो लेख मांडणीसाठी गाजला. त्यात लिहिलंय काय, यावर मात्र मी कँटीनमध्ये कधी चर्चा ऐकली नाही.

लिहिलंय ते असं. १९ फेब्रुवारी २०१२, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्टीव्हन्स पास नावाचा स्की रिसॉर्ट. भरपूर ताजं बर्फ पडलेलं. सोळा जण रिसॉर्टच्या हद्दीबाहेर टनेल क्रीक नावाच्या उतारावर गेले. याला म्हणतात ऑफ-पिस्ट किंवा बॅककंट्री स्कीइंग. म्हणजे जिथे बर्फ दाबून सपाट केलेला नाही, जिथे गस्त नाही, जिथे धोका तपासून कोणी पाटी लावलेली नाही, तिथे घसरायचं. या सोळांमध्ये नवखा कोणीच नव्हता. रिसॉर्टचा मार्केटिंगचा प्रमुख, स्की स्पर्धांचा नामवंत परीक्षक, व्यावसायिक स्कीअर, स्की मासिकांचे पत्रकार. धोक्याचा इशारा त्या सकाळच्या बुलेटिनमध्ये होता. उपकरणं होती. उतार पाठ होता. तरी तिघे गेले. एलिस सॉगस्टॅड ही व्यावसायिक स्कीअर वाहून गेली आणि पाठीवरच्या एअरबॅगमुळे वाचली.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट पुढे आहे. नंतर वाचलेल्यांपैकी अनेकांनी सांगितलं की इतका मोठा गट बघून मनात पाल चुकचुकली होती. पण बोललं कोणीच नाही. इतकी जाणती माणसं निघालीयत, आपण कोण शंका काढणारे?

आता थोडं यंत्रशास्त्र, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. डोंगरावरचं बर्फ एकसंध नसतं. प्रत्येक हिमवृष्टीचा वेगळा थर, त्यावर ऊन, वारा, रात्रीची थंडी, मग पुढचा थर. मध्येच एखादा थर साखरेच्या दाण्यांसारखा सुटा राहतो. त्यावर वाऱ्याने आणून टाकलेली जड लादी बसते. वरून सगळं शांत, पांढरंशुभ्र. एक माणूस त्यावर आला की खालचा कच्चा थर बसतो, भेग उतारभर पळते आणि अख्खी लादी सुटते. बहुतेक लाद्या ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि स्कीअरला मजा येते तोही नेमका हाच उतार! सह्याद्रीतल्या दरडीशी तुलना केली तर एक मोठा फरक लक्षात येतो. माळीण (२०१४), इरशाळवाडी (२०२३), अगदी आमच्या वसई पूर्वेला राजावलीजवळ वाघरळपाड्यात २०२२ च्या जुलैत पडलेली दरड, या सगळ्या घरात असलेल्या माणसांवर आल्या. स्कीअरचं तसं नाही. हौशी लोकांच्या अपघातांत साधारण नव्वद टक्के वेळा ती लादी त्यानेच किंवा त्याच्या सोबत्याने सोडवलेली असते. म्हणून तर प्रशिक्षणाला अर्थ आहे.

या शास्त्राचं माहेरघर स्वित्झर्लंड. दावोसच्या वर वाइसफ्लूयोख इथे १९३६ पासून बर्फाचा अभ्यास पद्धतशीर सुरू झाला. तिथल्या जुन्या तज्ज्ञांपैकी एक आंद्रे रोश. त्याचं आपल्याकडच्या हिमालयाशी नातं आहे हे मला आत्ता कळलं. १९३९ मध्ये तो गढवालमध्ये आला, दुनागिरी पहिल्यांदा सर केलं, आणि मग चौखंबावर त्यांच्या तळावर हिमस्खलन आलं. दोन हमाल गेले. १९४७ मध्ये, म्हणजे इकडे फाळणीची धामधूम चालू असताना, हा बाबा पुन्हा गढवालमध्ये. केदारनाथ आणि सतोपंथ शिखरं त्या मोहिमेने सर केली. त्याच मोहिमेत वांगदी नोर्बू जखमी झाला म्हणून सरदारकी एका तरुण शेर्पाला मिळाली. त्याचं नाव तेनझिंग. असो, तो वेगळा लेख होईल. या रोशच्या नावावर एक बोल जगभरच्या हिमस्खलन वर्गांत सांगितला जातो. भावार्थ असा की तुम्ही तज्ज्ञ आहात हे हिमस्खलनाला माहीत नसतं. लेखाचं शीर्षक तिथूनच सुचलं.

दुसरा धागा उपकरणांचा, आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. पूर्वी गाडलेल्या माणसाला शोधायचं म्हणजे लांब काठ्या खुपसत रांगेने चालायचं, नाहीतर कुत्रं आणायचं. कपड्याला लाल दोरी बांधून तिचं टोक वर राहील अशी आशाही लोक करायचे. १९६८ मध्ये अमेरिकेत जॉन लॉटन याने 'स्काडी' नावाचा छोटा रेडिओ बनवला. घालणारा सतत सिग्नल सोडत राहतो, आणि अपघात झाला की उरलेले आपापला रेडिओ 'शोध'वर टाकून आवाजाच्या चढउतारावरून जागा काढतात. पुढे फ्रिक्वेन्सीवरून बरीच भांडणं झाली, कारण वेगवेगळ्या देशांची यंत्रं एकमेकांशी बोलत नसत. (ओळखीचं वाटतंय ना? स्टँडर्ड्सची भांडणं सगळीकडे सारखीच.) शेवटी ४५७ किलोहर्ट्झ हे मानक ठरलं. १९९७ मध्ये पहिला डिजिटल बीकन आला, बाण आणि अंतर दाखवणारा.

पण हा सगळा खेळ मिनिटांचा आहे. १९९४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाने आकडे मांडले. गाडल्यापासून पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर सुमारे ९२ टक्के जगतात, पस्तीस मिनिटांनी तोच आकडा ३० टक्क्यांवर येतो. म्हणजे हेलिकॉप्टर, लष्कर, पोलीस, कोणीही येईपर्यंत निकाल लागलेला असतो. वाचवणार ते सोबतचेच. अपवाद असतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनवरच्या सोनम चौकीवर हिमस्खलन होऊन दहा जवान गाडले गेले, त्यातला एक आपल्या सातारा जिल्ह्यातला होता. लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत रुग्णालयात गेले. तेव्हा टीव्हीसमोर बसलेला सगळा देश हळहळला होता. पण अशा एका उदाहरणावर कोणी हिशोब मांडू नये.

आणि बीकनने जागा सापडली म्हणजे माणूस सापडला असं नाही. सगळ्यात जास्त वेळ जातो तो खणण्यात. थांबलेलं बर्फ सिमेंटसारखं बसतं. मीटरभर खाली असलेल्या माणसापर्यंत पोचायला एक ते दीड टन बर्फ हलवावं लागतं, तेही हातातल्या छोट्या फावड्याने. म्हणून चांगल्या वर्गात फावडं कसं चालवायचं यावर अर्धा दिवस जातो. प्रोब लागला की ती सळई तशीच ठेवायची, थोडं उताराच्या खालच्या अंगाला सरकायचं, आडवं आत शिरायचं, माणसं इंग्रजी व्ही आकारात उभी करायची, पुढच्याने बर्फ मागे ढकलायचं, मागच्याने आणखी मागे, आणि दर काही मिनिटांनी जागा बदलायच्या. ऐकायला हमाली वाटते, पण जीव त्यावरच वाचतो.

इथपर्यंत सगळं शिकवता येण्यासारखं. पुढचं कठीण.

इयन मॅकॅमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९७२ ते २००३ मधल्या ७१५ हौशी हिमस्खलन अपघातांच्या नोंदी तपासल्या. त्याला बघायचं होतं की धोक्याच्या खुणा समोर असताना, प्रशिक्षण असताना, लोक जातात का. २००४ मध्ये छापलेलं त्याचं उत्तर असं की माणसं बर्फ वाचून निर्णय घेतच नाहीत, काही सोप्या आडाख्यांवर घेतात. जागा ओळखीची आहे. एवढं ठरवून आलोय तर आता मागे कसं फिरायचं. गटातला अमुक जाणता आहे. दुसरे कोणी पोचायच्या आत ताजं बर्फ आपण घ्यायचं. बाकीचेही जातायत. चारचौघांत कमीपणा नको. आणि त्यातली सगळ्यात झोंबणारी गोष्ट: ओळखीच्या उतारावर वरच्या पातळीचं प्रशिक्षण घेतलेले गट इतका धोका पत्करत होते की प्रशिक्षणाचा फायदा जवळजवळ पुसला जात होता. म्हणजे शिकलेला माणूस आपल्या घरच्या उतारावर न शिकलेल्यासारखा वागतो.

असं का? विरार फास्टच्या दारात लटकणारा रोजचा माणूस बघा. त्याला बारा वर्षांत काही झालेलं नाही. त्या बारा वर्षांनी त्याला काय शिकवलं? की लटकण्यात धोका नाही. आमच्या चिंचोटीच्या धबधब्याचंही तेच. दर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात, आणि 'आम्ही इथलेच' म्हणणारे त्याच पाण्यात उतरतात. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर कोड चढवणाऱ्या एखाद्या सीनियरला विचारा, तो सांगेल की आजवर काही फुटलेलं नाही. बर्फाचं तर आणखी वाईट. उतार सुटला नाही याचा अर्थ तुमचा निर्णय बरोबर होता असा नसतो. कदाचित कच्च्या जागेपासून तुम्ही दोन मीटर बाजूने गेलात एवढंच. पण घरी येताना खात्यावर जमा होतो तो 'अनुभव'. चुकीच्या उत्तराला वर्षानुवर्षं बरोबरची खूण देणारा हा मास्तर आहे.

आता भारतात येऊ. गुलमर्गला ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये स्की क्लब ऑफ इंडिया काढला. तेव्हा स्की खांद्यावर मारून वर चढायचं आणि खाली घसरायचं. स्वातंत्र्यानंतर काश्मीरच्या लढाईत बर्फात लढायचं प्रशिक्षण हवं हे उघड झालं, आणि डिसेंबर १९४८ मध्ये थिमय्यांच्या १९व्या डिव्हिजनने स्की स्कूल काढलं. तेच १९६२ पासून हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, गुलमर्ग. १९६९ मध्ये मनालीला डीआरडीओची हिम आणि हिमस्खलन संस्था, 'सासे', सुरू झाली. रस्ते, चौक्या, ताफे यांच्यासाठी हिमस्खलनाचे अंदाज द्यायचं काम तिचं. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत मिसळून 'डीजीआरई' झाली. थोडक्यात, आपल्याकडे हे ज्ञान फौजेच्या गरजेतून वाढलं. हौशी माणूस त्यात फार उशिरा आला.

तो आला गोंडोलातून. गुलमर्ग ते कोंगडोरी हा पहिला टप्पा १९९८ मध्ये, आणि कोंगडोरीपासून अफरवाटच्या खांद्यापर्यंतचा दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. वरचं स्टेशन सुमारे ३,९५० मीटरवर. तिथे तिकीट काढून बसल्याबसल्या पोचता. बाहेर पडलात की डावीकडे-उजवीकडे मैलच्या मैल अस्पर्श उतार. जगभरचे पट्टीचे स्कीअर इथे यायला लागले ते यासाठी. मधला भाग स्की पेट्रोल सांभाळतं, बाकी तुमची जबाबदारी. ब्रायन न्यूमन नावाचा अमेरिकन स्नो सेफ्टी ऑफिसर अनेक हिवाळे तिथे होता, आणि बर्फाची स्थिती समजावून सांगणं हा त्याच्या कामाचा मोठा भाग.

८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गला वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणार्थींवरच हिमस्खलन आलं. किमान १७ जवान गेले. बर्फात कसं जगायचं हे शिकवणाऱ्या देशातल्या सगळ्यात जाणत्या संस्थेच्या दारात. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवाटच्या हपतखुड भागात दोन पोलिश स्कीअर गेले, बरोबरच्या बाकी परदेशी मंडळींना वाचवण्यात आलं. २२ फेब्रुवारी २०२४ ला पुन्हा खिलनमर्गच्या अंगाला, एक रशियन स्कीअर. या दोन्ही वेळी गटांबरोबर स्थानिक गाइड होते.

आणि ४ ऑक्टोबर २०२२. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा ॲडव्हान्स्ड कोर्स द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटरच्या शिखरावर होता. सह्याद्रीत भटकणाऱ्या कित्येक मराठी पोरापोरींचं स्वप्न हाच कोर्स असतो. आधी बेसिक, त्यात 'ए' ग्रेड, मग हा. म्हणजे अनुभवी म्हणावेत असेच विद्यार्थी. लादी सुटली, २७ मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. प्रशिक्षकांमध्ये सविता कंसवाल होती, जिने त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू केलं होतं. तिचा रेझ्युमे आणखी काय असायला हवा होता?

यावर 'मग शिकून उपयोग काय' असं म्हणणारे भेटतात. मला तो आळशी प्रश्न वाटतो. शिकवण्याची पद्धत बदलली आहे, आणि बदलायला अपघातच कारण झाले. कॅनडात २००३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दोन अपघातांत प्रत्येकी सात जण गेले. पहिल्यात स्नोबोर्डिंगचा दंतकथा झालेला क्रेग केली होता, दुसऱ्यात शाळेची मुलं. पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय हिमस्खलन केंद्र उभं राहिलं. अमेरिकेत २०१७-१८ च्या हंगामापासून हौशी आणि व्यावसायिक असे प्रशिक्षणाचे दोन वेगळे मार्ग झाले. त्याआधी हौशी माणूस वरच्या पातळीचा वर्ग करायचा, बर्फाचे खड्डे खणून स्फटिक भिंगातून बघायला शिकायचा, आणि आता आपल्याला उतार 'वाचता' येतो अशा समजुतीने आणखी तीव्र उतारावर जायचा. स्विस गाइड वेर्नर मुंटर याने नव्वदच्या दशकात याला वेगळी वाट काढली होती. त्याच्या पद्धतीत हवामान-बर्फ, भूगोल आणि माणसं या तिन्हींचा विचार तीनदा करायचा: घरी नकाशावर, जागेवर पोचल्यावर, आणि प्रत्येक उताराच्या तोंडाशी. त्या तिसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव लिहावं लागतं, यातच सगळं आलं.

आज अनुभवींच्या वर्गात स्फटिकांपेक्षा याच गोष्टींवर जास्त वेळ जातो. कुठले उतार आज नाहीच, हे सकाळी चहा पितानाच ठरवायचं, वर पोचून समोर ताजं बर्फ दिसल्यावर नाही. एका वेळी एकानेच उतरायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून बघायचं. गट लहान ठेवायचा. आणि कोणाही एकाने 'नको' म्हटलं तर कारण न विचारता सगळ्यांनी फिरायचं.

या शेवटच्या नियमापाशी मी बराच अडकलो. कारण ७ जून १९२२ ला एव्हरेस्टच्या नॉर्थ कोलखाली जे झालं ते त्यामुळे वेगळं दिसतं. मॅलरी, सॉमरवेल आणि क्रॉफर्ड चौदा हमालांना घेऊन ताज्या बर्फातून निघाले. उतार तपासल्यावर त्यांना तो ठीक वाटला होता. स्खलनात नऊ हमाल कड्यावरून खाली गेले, सात मेले. तिन्ही साहेब वाचले. १९३९ ला चौखंबावर गेले तेही हमालच. 'जायचं की नाही' या चर्चेत त्यांना कोणी विचारलं असेल असं मानायला मला तरी जागा दिसत नाही.

गुलमर्गमधल्या गाइडकडे आता बीकन असतो, फावडं असतं, बरेचसे रीतसर शिकलेले असतात. बहुतेक आसपासच्या गावांतली पोरं. हंगाम तीन-चार महिन्यांचा. समोरचा पाहुणा वीस वर्षं आल्प्समध्ये घसरलेला, आठवड्याचे पैसे मोजून आलेला, आणि रात्रभर बर्फ पडून सकाळी लख्ख ऊन पडलेलं. अशा सकाळी त्या पोराने 'आज नको, साहेब' म्हटलं, तर त्याच्या त्या दिवसाच्या मजुरीचं काय व्हायचं, ते कुठल्या वर्गात ठरतं?